फाटकाकडे तोंड केलेलं खुराडं

११ मार्च

दादा,

पोचलो. शेजारच्या सीटवरच्या माणसाने मधमाश्या कशा पाळायच्या ते सांगायला घेतलं, थेट म्हातारी राणीमाशी बदलायची कशी इथपर्यंत, आणि त्या नादात मी एक थांबा पुढे उतरलो. उन्हातून उलटा चालत आलो. म्हातारी राणी काढताना पोळ्याला आधी सवय लावावी लागते म्हणे, नाहीतर माश्या नवीला मारून टाकतात. पण ते जाऊ दे.

फाटक अजून ढकललं की ओरडतं. वहिनीने दार उघडलं, आधी माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तू पढवलंस तसंच मी बोललो. दादाने पाठवलंय, आईला ताजी अंडी मिळावीत म्हणून मागच्या अंगणात खुराडं बांधून दे म्हणाला.

"कोणी पाठवलंय?"

"दादाने."

"अंड्यांसाठी?"

"हो."

"दोन वर्षांत आई जगल्यात का मेल्यात ते विचारलं नाही, आणि आता अंडी," वहिनी म्हणाली आणि बाजूला झाली. मी आत गेलो.

आईच्या कानांचं आता काही खरं नाही. "कोण आलंय गं?" म्हणून ती आतून ओरडली. वहिनीने तिच्या कानाशी जाऊन माझं नाव सांगितलं.

"तो? हरवलेला?"

"आई, मी हरवलो नव्हतो. फिरत होतो."

"तेच ते," आई म्हणाली. मग माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले, भाजी निवडताना बघतात तसे. "काय काम करतोस सध्या?"

"खुराडं बांधणार आहे."

"कोणासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर तू मला दिलं नव्हतंस, म्हणून मी पाणी प्यायला उठलो.

आपलं ठरलंय ते माझ्या लक्षात आहे. घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे, वहिनी विकायला सही देत नाही, आणि घर बांधताना मामाने हात दिलेला असल्यामुळे या घरात शेवटी मामाचाच शब्द चालतो. तिच्या वागण्यात खोट दिसली तर मामा तिला सही करायला लावेल. ती खोट मी शोधायची. त्या बदल्यात तू मला तुझ्या ओळखीच्या जहाजावर, स्वयंपाकघरात का होईना, चिकटवून देणार. फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, कारण आईला ऐकू येत नसलं तरी वहिनीला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. सगळं ध्यानात आहे.

फक्त एक सांग. खुराडं मी आयुष्यात बांधलेलं नाही. हे तुला ठाऊक होतं का?

तुझा धाकटा


१६ मार्च

दादा,

तू म्हणालास तशीच जागा सापडली. मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी, पश्चिमेच्या कोपऱ्यात. तिथे उभं राहिलं की घराच्या कडेची बोळ सरळ दिसते आणि बोळीच्या टोकाला फाटक. पुढच्या खोलीची खिडकीही अर्धी दिसते. खुराड्याचं दार मी त्याच बाजूला ठेवणार आहे, म्हणजे दाराच्या बाजूला बसून दाणे टाकताना, पाणी ठेवताना, झाडताना फाटक आपोआप माझ्या नजरेत राहील. कोणाला शंका यायला नको.

वहिनीला दुसरीच जागा हवी होती. झाडाखाली, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराजवळ.

"तिथे सावली आहे, भाऊजी. आणि आईंना बसल्या जागी कोंबड्या दिसतील."

"झाडाखाली पानं पडतात," मी म्हणालो.

"मग?"

"मग छपरावर साचतात."

थोड्या वेळाने ती टाकीपाशी येऊन उभी राहिली, माझ्याच जागी. आधी बोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कपडे वाळत घालायला निघून गेली. मी घामाघूम. ऊन होतं म्हणून, आणखी कशाने नाही.

लाकडाची सोय झाली आहे. कुठून ते पुढे सांगतो.

आता मुद्द्याचं. एक माणूस येतो. बुधवारी दुपारी आला. चौकात चष्म्यांचं दुकान आहे त्याचा मालक, बुधवारी त्याची सुट्टी असते. उंच आहे, थोडा वाकून चालतो, गळ्यात दोरीला चष्मा लटकतो आणि डोळ्यांवर दुसरा असतो. फाटक ओरडलं, वहिनी दारात आली, तो आत गेला, दार लागलं. मी हातोडी हातात धरून बसून होतो. बराच वेळ काही नाही. मग हसण्याचा आवाज आला. वहिनीचा. दादा, मी खरं सांगतो, मला आधी कळलंच नाही की हा तिचा आवाज आहे, कारण तिला हसताना मी कधी ऐकलेलंच नव्हतं.

तो गेल्यावर मी सहज विचारलं, "कोण होतं?"

"आईंचा चष्मा," वहिनी म्हणाली.

माणूस विचारला आणि चष्मा सांगितला. ध्यानात घे.

तुझा धाकटा


२३ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. "कामाचं लिही, कोंबड्यांचं नको" म्हणतोस. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं! इथे मला दोन्ही कामं एकदम करावी लागतात, आणि खुराड्याचं जास्त अवघड आहे.

तरी आधी कामाचं. याही बुधवारी तो आला. येताना हातात कागदाची पुडी होती, जाताना नव्हती. पुढच्या खोलीचा पडदा अर्धा ओढलेला. चहा दोनदा झाला. नंतर मी मोरीत कप मोजायला गेलो तर आई तिथेच हात धूत होती. "तहान लागली का?" म्हणाली. हो म्हणालो. "मग कपांकडे काय बघतोस, माठ तिकडे आहे." आईला कमी ऐकू येतं, पण डोळ्यांना त्या माणसाने भलताच चांगला चष्मा दिलेला दिसतो.

मला वाटतं इथे सगळेच एकमेकांवर नजर ठेवून आहेत. परवा माझी पिशवी मी ठेवली होती तशी नव्हती. दोरी उलट्या गाठीने बांधलेली. तुझी पत्रं मी वाचून जाळतो, त्यामुळे काळजी नको. पण बनियनच्या घड्या घातलेल्या होत्या, आणि मी जन्मात बनियनची घडी घातलेली नाही. एक फाटका होता तो शिवलेलाही होता. आता माणसाला संशय यायचा तर यात कुठला यावा, तूच सांग.

आता लाकडाचं. रागावू नकोस. लाकूड तुझ्या कपाटाचं आहे. आरशाच्या दाराचं, तू लग्नानंतर घेतलेलं. "भाऊजी, हे घ्या, सागवान आहे, कोंबड्यांना पुष्कळ टिकेल," असं वहिनी म्हणाली आणि स्वतः स्क्रू काढायला बसली. मी नको म्हणणार होतो. पण फळ्या अशा सरळ आणि कोरड्या होत्या की हात आवरला नाही. पूर्वी मी फ्रेमा करणाऱ्याकडे काही महिने राबलो होतो, तेव्हापासून चांगलं लाकूड दिसलं की मला बाकीचं सुचत नाही. तो फ्रेमवाला फळी विकत घेण्याआधी तिचा वास घ्यायचा. गिऱ्हाईक हसायचं. असो.

चौकट उभी झाली आहे. विटांवर उचलून ठेवली, खालून ओल लागायला नको म्हणून. तीन बाजूंना फळ्या, चौथीला जाळी आणि दार. वर हवेसाठी फट ठेवली. कोंबड्यांना बसायला आडवी दांडी लागते, ती कपाटातलीच वापरली, तुझे शर्ट टांगायची, स्टीलची. चकचकीत दिसते.

आरशाचं दार वाया जाऊ दिलं नाही. ते मी टाकीला टेकवून अशा कोनात ठेवलं की फाटकाकडे पाठ करून ठोकत बसलो तरी मागचं सगळं दिसावं. स्वतःवर खूश होतो. काल खिळा धरला होता, वर नजर टाकली, आणि आरशात वहिनी. बोळीच्या तोंडाशी उभी. ती आरशात मला बघत होती आणि मी आरशात तिला. दोघांपैकी कोणीच मान वळवली नाही.

"अंगठा सांभाळा," ती म्हणाली.

तोवर हातोडी बसलेली होती. डावा अंगठा सुजलाय, कागद धरता येत नाही, अक्षर त्यामुळे असं आहे.

तुझा धाकटा


३ एप्रिल

दादा,

कोंबड्या आल्या. चार आहेत, सगळ्या अंड्यावर यायच्या बेताच्या. आईने एकीचं नाव हेडबाई ठेवलंय, कारण ती बाकीच्यांना ओळीत उभं करते. एक मुकी, एक भांडकुदळ. भांडकुदळ दिवसभर आरशातल्या कोंबडीशी भांडते आणि दमून झोपते. चौथीला नाव मिळालं नाही, ती सारखी सगळ्यांच्या मागे लपते. आई तिला नुसतं "ती" म्हणते.

पण काहीतरी बिनसलंय. अंडी नाहीत. दांडीवर चढल्या की घसरून पडतात, चार पावलं टाकतात आणि पुन्हा चढतात. दुपारी चोची उघड्या टाकून धापा टाकतात. पाणी दिलं तर ते चहासारखं गरम होतं. टाकी भरून वाहिली की खाली चिखल, त्यात उभ्या राहतात. मला वाटलं कोंबड्या विकणाऱ्याने फसवलं. मग वाटलं कोणी अंडी उचलतंय. चष्मेवाल्यावर माझा संशय होता, कारण बुधवारी तो मागे येऊन खुराड्यात वाकून बघून गेला. "छान आहे," म्हणाला, पण असं म्हणाला की छान नसावं.

काल वहिनी दोरीचं भेंडोळं घेऊन आली आणि खुराड्यात अर्धी शिरून स्टीलच्या दांडीला दोरी गुंडाळायला लागली, घट्ट, एकाला एक लावून.

"पायाला पकड लागते त्यांना," ती आतून म्हणाली. "माझ्या आजीकडे होत्या कोंबड्या. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा."

"कोंबड्यांचं घर बांधणारा माणूस आधी ऊन बघतो. सकाळचं ऊन दारातून आत यावं आणि दुपारचं पाठीवर पडावं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही दुपारचं ऊन घेतलंत, टाकीचा चिखल घेतलात, आणि दार त्या बोळीकडे केलंत." ती बाहेर आली. केसांत भुसा होता. "बोळीत काय आहे?"

"काही नाही."

"फाटक आहे."

हेडबाई ओरडली. मी तिच्याकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

"हे घर कोंबड्यांसाठी बांधलेलंच नाही," वहिनी म्हणाली. "राखणदाराच्या चौकीत कोंबड्या ठेवल्यात तुम्ही." मग हात झटकले आणि म्हणाली, "जेवायला चला. पानं वाढलीत."

दादा, तिने मला जेवायला वाढलं. पोळी परतपरत वाढली. मला वाटलं आता विष असेल, इतकं माझं डोकं फिरलंय. तिने आधी स्वतः खाल्लं आणि मग मी.

तिला कळलंय. मी आता काय करू ते लिही. मला इथून हलव.

तुझा धाकटा


१० एप्रिल

दादा,

"आता मागे फिरू नकोस, आणखी एखादा बुधवार काढ, मग जहाजाचं पक्कं समज" असं तू लिहिलंस. त्यावर आज दोन गोष्टी लिहितो.

पहिली. "ती" मेली. लपणारी. दुपारी मी टाकीच्या भिंतीवर बसून फाटक बघत होतो, बुधवार होता म्हणून. कोंबड्यांकडे पाठ नव्हती, तोंड होतं, पण नजर त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे. चष्मेवाला आला, आत गेला, मी वेळ मनात धरली. मग खाली बघितलं तर ती कोपऱ्यात पंख पसरून पडलेली. पाण्याचं भांडं कोरडं. सगळा वेळ ती माझ्या डोळ्यांसमोर होती, दादा. हात लांब केला असता तर पाणी घालता आलं असतं.

वहिनी आणि चष्मेवाला दोघेही बाहेर आले. त्याने खाली बसून बाकीच्या तिघींचे पाय ओल्या फडक्याने पुसले. आईने विचारलं, "कोण गेलं?" वहिनीने सांगितलं. आई म्हणाली, "नाव ठेवायचं राहिलं की गं तिचं."

दुसरी. मामाचा फोन आला. आईला ऐकू यावं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजावर टाकतात, हे तू विसरलास. आई मधल्या खोलीत बसलेली, वहिनी तिच्याजवळ भाजी चिरत, मी दारात. आणि मामा सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "धाकट्याची पत्रं मी वाचली. सगळी. तो चष्मेवाला दर बुधवारी येतो म्हणे, दार लावून बसतो म्हणे. पडदा काय, पुड्या काय! रविवारी मी आणि थोरला येतोय. सुनेला म्हणावं, सहीला तयार राहा."

"कोणाची पत्रं?" आई ओरडली.

"धाकट्याची! तुझ्या!"

आईने फोन ठेवला नाही, तो तसाच मांडीत बोलत राहिला. वहिनीची विळी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. तिने मान वर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

तू म्हणाला होतास की ही पत्रं तुझ्या-माझ्यात राहतील, तू वाचून बघशील आणि मग ठरवशील. तू ती मामाला नेऊन दिलीस. कपांचं, बनियनचं, तिच्या हसण्याचं, सगळं. मी जे तुला म्हणून लिहिलं ते मामा चष्मा लावून वाचत होता.

मग मला दुसरंही आठवायला लागलं. इथे यायच्या आधी मी तुझ्याकडे दोन दिवस राहिलो. दाराशी बायकी चपला होत्या, तू घरमालकिणीच्या म्हणालास. मालकीण तर वरच्या मजल्यावर राहते आणि काठी टेकत चालते, त्या चपलांना उंच टाचा होत्या. न्हाणीघरात दोन ब्रश होते. मी बघितलं आणि सोडून दिलं, कारण मला जहाज हवं होतं. इथे एका पडद्यावरून मी पानंच्या पानं लिहिली आणि तिथे दोन ब्रशांवर एक शब्दही विचारला नाही. मग मी नक्की कशावर नजर ठेवून होतो?

घर विकल्यावर आईला तू घेऊन जाणार म्हणतोस. कुठे ठेवणार? त्या टाचांच्या शेजारी?

धाकटा


१२ एप्रिल

दादा,

आज खुराडं हलवलं. चौघांनी उचललं, म्हणजे मी, वहिनी, चष्मेवाला आणि तोंडाने आई. "डावीकडे! अरे त्याची डावी, तुझी नाही!" झाडाखाली नेलं, तोंड उगवतीला केलं, पाठ मावळतीला. आरसा काढून टाकला. भांडकुदळ थोडा वेळ शोधत होती. आता दाणे टाकताना मला स्वयंपाकघराचं दार दिसतं आणि आईचे पाय.

त्या आधी वहिनीला मी सरळ विचारलं. बोळीतून नाही, समोर बसून. मी म्हणालो, वहिनी, मला दादाने पाठवलं होतं, खुराड्यासाठी नव्हे. ती म्हणाली, माहीत आहे. मग जे विचारायला मी आलो होतो ते विचारलं. तिने उत्तर दिलं, आडवळण न घेता.

ते उत्तर मी तुला लिहिणार नाही. तुझ्या कामाचं माझ्याकडे एवढंच होतं, आणि तेवढंच देत नाहीये.

जहाज राहू दे. रविवारी ये. फाटकाला मी तेल घातलंय, ओरडत नाही.

धाकटा


२१ एप्रिल

दादा,

त्या रविवारनंतर तुझा काही निरोप नाही, म्हणून मीच लिहितो. आता कोणी सांगितलेलं नाही.

तुला राग असेल की मी मामासमोर खोटं बोललो. बोललोच. मामाने "हा चष्मेवाला कोण?" म्हणून दरडावलं तेव्हा मी म्हणालो, आईचा चष्मा दुरुस्त करायला येतो.

"दर आठवड्याला?"

"आई दर आठवड्याला चष्म्यावर बसते."

"आणि पत्रात लिहिलंस ते?"

"दादाला काय आवडेल ते बघून लिहिलं." हे मात्र बरंचसं खरं होतं.

माझं तिथेच निभावलं असतं. पण वहिनी पदर खोचून पुढे आली. "भाऊजी, पुरे," म्हणाली. "माझ्यासाठी खोटं नका बोलू. मामा, तो माझ्याकडे येतो."

तू खिडकीकडे बघत होतास. आणि तेवढ्यात आई, "काय? काय म्हणाली?"

बिचारीला पुन्हा सांगावं लागलं, आईच्या कानाशी, गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने. "तो माझ्याकडे येतो, आई!"

"मग मला काय सांगतेस?" आई म्हणाली. "मला माहीत नाही का? चहा मीच टाकते."

मामाचा चेहरा मी विसरणार नाही. तो काही बोलायच्या आत आई तुझ्याकडे वळली. ओरडली नाही, नेहमीपेक्षा हळूच बोलली. "तुझ्याकडे स्वयंपाक कोण करतं रे?"

मी तुझ्याकडे बघितलं नाही. टाचा, ब्रश, काही बोललो नाही, हे तुला मान्य करावं लागेल. बोलायची गरजच पडली नाही. तुला उत्तर देता आलं नाही आणि मामा आयुष्यभर कचेरीत काढलेला माणूस आहे, न दिलेली उत्तरंही त्याला वाचता येतात.

"सहीचं काय?" एवढं त्याने विचारलं, पण आता त्यात जोर नव्हता.

"मी मेल्यावर विचार, भाऊ," आई म्हणाली. "तोवर मी इथेच, हिच्याजवळ. बहिणीला रस्त्यावर काढायचं असेल तर आज काढ, पावणेपाचची बस मिळेल मला." मामाने पाणीसुद्धा घेतलं नाही. रिक्षा बघतो म्हणून बाहेर गेला. जाताना तुला म्हणाला, "मला यात पुन्हा घेऊ नकोस." म्हणजे ते मिटलं. घर आहे तिथे आहे आणि ज्या आहेत त्या त्यात आहेत.

मी कधी जाणार ते माहीत नाही. बस दिसली की पायाला अजून खाज सुटते. पण वहिनीने मागच्या दाराला उंबरा बसवायला सांगितलाय आणि चष्मेवाल्याच्या दुकानातलं शटर अडकतं. बघू.

या सगळ्यात एक गोष्ट राहिली, म्हणून हे पत्र.

मामा रिक्षा शोधत होता तेव्हा तू मागच्या अंगणात गेलास. मी स्वयंपाकघरात होतो. सवय लागलेली, खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आधी मला वाटलं तू कडी काढून कोंबड्या सोडून देणार. तू फळ्यांवरून हात फिरवलास, त्या ओळखल्यास. मग कडी काढलीसच. मी ओरडायला तोंड उघडलं होतं.

तू आत हात घातलास. भुशात एक अंडं होतं, खुराडं हलवल्यापासूनचं पहिलं, कोणी काढलेलं नव्हतं. ते बाहेर काढलंस. ऊबदार असणार, कारण मुकी नुकतीच उठली होती. तू ते तळहातावर धरून उभा राहिलास, मग गालाला लावलंस. बराच वेळ. डोळे मिटून. बाबा गेले त्या दिवशी तू रडला नव्हतास, आम्ही सगळे तुझ्याकडे बघत होतो म्हणून.

मग अंडं होतं तिथे ठेवलंस, कडी नीट लावलीस, ओढून बघितलीस, आणि कोणी पाहिलं का म्हणून घराकडे वळून बघितलंस.

मी कोणाला सांगितलेलं नाही. वहिनीला नाही, आईला नाही. कोणी बघत नव्हतं असंच समज.

तुझा धाकटा